डोंबिवलीत नवीन राहायला आलात? मग पहिल्या महिन्यात हे सगळं लावून घ्या

घर बघायला एजंट तुम्हाला रविवारी दुपारी बोलावणार हे लिहून ठेवा. रविवारी दुपारी अख्खी डोंबिवली जेवून आडवी झालेली असते, रस्ते मोकळे, रिक्षा लगेच मिळते आणि तो म्हणतो स्टेशन काय हे इथे, दहा मिनिटं. आम्ही पण असेच फसलो. सामान लावलं, सोमवारी संध्याकाळी पावणेआठला मी लोकलमधून उतरले आणि तेच दहा मिनिटांचं अंतर कापायला मला चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा तर रिक्षाच्या लाईनीतच गेली. तेव्हा घर फायनल करायच्या आधी एकदा तरी वर्किंग डेला संध्याकाळी साडेसात ते आठच्या मधे एजंटला न सांगता एकटं जा, स्टेशनच्या पुलावरून उतरा आणि त्या बिल्डिंगपर्यंत चालत जा. चालताना दोन्ही बाजूची दुकानं बघत जा, कारण पुढची काही वर्षं तुमचं सगळं आयुष्य या एका रस्त्यावर जाणार आहे, भाजी, औषध, पोळ्या, इस्त्री, चप्पल शिवणं सगळं. घर पाच हजाराने स्वस्त पण वाटेत एकही धड किराणा दुकान नाही, असं असेल तर ते पाच हजार दुसऱ्या रस्त्याने जातात, अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्व की पश्चिम. बाहेरच्या माणसाला वाटतं की मधे फक्त रेल्वेचे रूळ आहेत, पण इथे ते रूळ म्हणजे नदी आहे. पूर्वेचा माणूस पश्चिमेला कामाशिवाय जात नाही आणि पश्चिमेचा तर पूर्वेचं नाव काढलं की म्हणतो, अरे बापरे तिकडे कोण जाणार. पायी गेलात तर स्टेशनचा पूल, गाडीने गेलात तर लांबून वळसा. म्हणून साधा नियम, ज्या बाजूला घर त्याच बाजूला सगळं लावायचं. डॉक्टर पश्चिमेचा आणि लॅब पूर्वेची असं केलंत की ताप आलेला असताना पूल चढावा लागतो. पत्ता लिहिताना पण पूर्व पश्चिम आणि पिनकोड नीट लिहा, पूर्व ४२१२०१, पश्चिम ४२१२०२, एमआयडीसीकडे ४२१२०३. यातला एक आकडा चुकला तर पार्सल दुसऱ्याच बाजूला फिरत बसतं. आणि ठाकुर्ली कोपर ही स्टेशनं पण बघून ठेवा, बऱ्याच जणांना डोंबिवली स्टेशनपेक्षा ती जवळ पडतात, फक्त तिथे स्लो गाड्याच थांबतात.

एमआयडीसीच्या निवासी भागात झाडं जास्त, रस्ते रुंद, सावित्रीबाई फुले नाट्यगृह जवळ, म्हणून तो भाग लोकांना आवडतो. मलाही आवडतो. पण केमिकल कंपन्या लागून आहेत हे विसरू नका, मे २०१६ आणि मे २०२४ मधे तिथे मोठे स्फोट झाले, लांबच्या बिल्डिंगच्या काचा फुटल्या. रात्री वास येतो का हे घरमालकाला विचारू नका, तो नाहीच म्हणणार. खालच्या वॉचमनला विचारा, नाहीतर रात्री दहानंतर एक चक्कर मारा.

विकत घेणाऱ्यांनी तर डबल काळजी घ्या. बनावट परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे बिल्डरच्या प्रोजेक्टच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मिळवलेल्या ६५ बिल्डिंगी पाडायचा आदेश हायकोर्टाने २०२४ मधे दिला, त्या आपल्याच पालिकेच्या हद्दीतल्या. म्हणजे रेरा नंबर आहे म्हणून डोळे मिटून सही करायचे दिवस गेले. बांधकाम परवानगी आणि ओसीची, म्हणजे बिल्डिंग राहायला योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याची, कॉपी घ्यायची आणि ती खरी आहे का हे कल्याण डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघायचं, किंवा वकील लावून बघून घ्यायचं. भाड्याने राहणाऱ्याला इतकं खोलात जायची गरज नाही पण बिल्डिंगला नोटीस लागलीये का एवढं तरी विचारा.

आता ॲग्रीमेंट. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी करून रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. काही मालक म्हणतात कशाला खर्च, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू. नको म्हणा. खर्च फार नसतोच, समजा भाडं १८,००० आणि डिपॉझिट ६०,०००, अकरा महिन्यांचं भाडं झालं १,९८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने धरलेलं व्याज ५,५०० मिळवायचं आणि त्या सगळ्यावर ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास आलं. वर पालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि थोडे किरकोळ चार्जेस. बाकी जे काही एजंट सांगेल ते त्याचं आहे, त्यावर घासाघीस करता येते. हल्ली तो मशीन घेऊन घरी येतो, अंगठा आणि फोटो, दहा मिनिटांत काम. हे रजिस्टर ॲग्रीमेंट पुढे बँकेत, आधारचा पत्ता बदलायला, गॅसला, सगळीकडे लागतं म्हणून त्याची पीडीएफ मोबाईलमधे ठेवून द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचं काम पण मालकाचं, ते ऑनलाईन होतं, केलंय का विचारा आणि पावतीची कॉपी मागून घ्या. आणि हो, सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून जे जास्तीचे पैसे लावते त्याला नॉन ऑक्युपन्सी चार्ज म्हणतात, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि तो मालकाने भरायचा असतो. कितीतरी भाडेकरू उगाच भरत बसतात.

किल्ली हातात आली की पहिलं काम काय, तर खाली मीटर रूममधे जायचं. आमच्याकडे मीटरवरची फ्लॅट नंबरची चिठ्ठी निघून दुसऱ्याच मीटरखाली चिकटवली गेली होती आणि मी भोळेपणाने चार महिने समोरच्यांचं बिल भरलं, ते दोघं रात्रंदिवस एसी लावून बसलेले आणि मी नवऱ्याला गिझरवरून बोलत होते. म्हणून आता सगळ्यांना सांगते, घरातलं सगळं चालू ठेवायचं, एकाने मीटरपाशी उभं राहायचं, मीटरवर लाल दिवा टिकटिक करत असतो, दुसऱ्याने वर जाऊन मेन स्वीच बंद करायचा, जो दिवा टिकटिकायचा थांबेल तो मीटर आपला. मग त्यावरचा मीटर नंबर आणि महावितरणच्या बिलावरचा मीटर नंबर जुळतो का बघायचं. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो टाकून आधीची थकबाकी आहे का ते महावितरणच्या ॲपवर लगेच दिसतं. त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करा. लाईट गेली तर १९१२.

पाण्याचं असं आहे की पालिकेचं पाणी उल्हास नदीतून येतं आणि एमआयडीसी भागात एमआयडीसीचं, बारवी धरणाचं. म्हणून एका बाजूला पाणी नाही आणि दुसऱ्या बाजूला धो धो असं होऊ शकतं, बहिणीला फोन करून तुमच्याकडे आलं का विचारून उपयोग नाही. पाणी किती वाजता सोडतात, टाकी भरून चोवीस तास देतात की वेळेवर, आणि उन्हाळ्यात टँकर किती आले हे सेक्रेटरीला विचारण्यापेक्षा तळमजल्यावरच्या बाईंना विचारा, त्यांना पंपाचा आवाज येत असतो.

गॅस जरा सविस्तर सांगते कारण त्यात लोक गडबडतात. बिल्डिंगमधे महानगर गॅसची पाईपलाईन असेल तर सुटलात, फक्त मीटरचं रीडिंग बघून फोटो काढून ठेवा, बिल दोन महिन्यांनी येतं आणि आधीच्या भाडेकरूचं तुमच्या गळ्यात पडतं. सिलेंडर असेल आणि तुम्ही दुसऱ्या गावाहून आला असाल तर सिलेंडर, रेग्युलेटर उचलून आणायचा नाही, तिथल्या एजन्सीत जमा करायचा, डिपॉझिट परत घ्यायचं आणि ते जो ट्रान्सफरचा कागद देतात तो इथल्या एजन्सीत दाखवून परत कनेक्शन घ्यायचं. त्याच कंपनीच्या जवळच्या एजन्सीत बदली असेल तर ऑनलाईन पण होते. गॅसचं पुस्तक आणि सबस्क्रिप्शन व्हाऊचर, म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेला पहिला कागद, हरवू नका.

आणि सिलेंडर घेताना दारातच तीन गोष्टी. सील बघायचं, मग वजन. घरगुती सिलेंडरमधे गॅस १४.२ किलो असतो, रिकाम्या टाकीचं वजन वरच्या पट्टीवर कोरलेलं असतं, दोन्हीची बेरीज काट्यावर यायला पाहिजे. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायलाच लागतो, मागितला की तो आधी तोंड वाकडं करतो मग गाडीतून आणतो. तिसरं म्हणजे त्याच पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. सी-२८ लिहिलं असेल तर २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत ती टाकी चालते, नंतर तिची टेस्ट करायला लागते. तारीख उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही, सरळ परत. पावतीवरच्या रकमेत घरपोच धरलेलं असतं, त्यावर पंचवीस तीस द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी देते.

हे झालं कागदाचं आणि मीटरचं. आता खरं लावणं. मराठीत आपण दूध लावतो, पेपर लावतो, बाई लावतो, डबा लावतो, ट्यूशन लावतो, आणि हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. म्हणजे कसं, बाई सकाळी साडेसहाला येणार असेल तर दूध त्याआधी यायला पाहिजे नाहीतर चहा कशाचा, आणि तुमची गाडी ७.४० ची असेल तर बाई साडेसातला येऊन उपयोग नाही. म्हणून आधी आपली गाडी ठरवा, मग उलट हिशोब करत बाई आणि मग दूध. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

मावशी शोधायला ॲप वगैरे नको, बिल्डिंगमधे आधीच येणारी कोण आहे ते वॉचमनला विचारा, तिला वरच्या मजल्यावर अजून एक काम मिळालं तर तिलाही बरं पडतं. ठरवताना कामाप्रमाणे ठरतं, भांडी वेगळी, केर फरशी वेगळी, कपडे वेगळे, आणि घरात माणसं किती यावर. पाहुणे आले तर भांड्यांचं काय, महिन्यात सुट्ट्या किती, दिवाळीला एक पगार बोनस, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या, नंतर बोललं की दोघींनाही वाईट वाटतं. एकाच वेळी सगळी कामं देऊ नका, पहिला महिना भांडी आणि फरशी, जमलं तर पुढे.

दूध पिशवीचं की सुटं हे घरोघरी वेगळं, त्यात मी पडत नाही. फक्त दूधवाल्याकडे कार्ड किंवा कॅलेंडरवर खाडा मांडायची सवय ठेवा. आमचं कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे, त्यावर न आलेल्या दिवसावर गोल, एक पिशवी जादा घेतली की फुली. महिन्याच्या शेवटी तो म्हणतो ताई ३१ आणि मी म्हणते २८, मग दाराच्या मागे जाऊन दोघं मोजतो. पेपरचं पण तेच.

किराण्याचं दुकान निवडायची माझी परीक्षा आहे. पहिल्यांदा फक्त पाव किलो शेंगदाणे आणि एक साबण घ्यायला जा, गर्दीच्या वेळेला. छोट्या गिऱ्हाईकाला तो कसा वागवतो, सुटे देतो की चॉकलेट हातात टेकवतो, काट्यावर पुडी ठेवायच्या आधी शून्य दिसतंय का, एवढ्यावरून कळतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी व्हायला लागते, त्याचं सर्टिफिकेट दुकानात लावलेलं असतं, सहज वर नजर टाका. एमआरपीच्या वर कोणी घेऊ शकत नाही, थंड बाटलीला दोन रुपये जास्त हे पण चालत नाही, फार ताणलं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. पण खरं सांगू का, वाण्याशी भांडून काही मिळत नाही, दुकान बदलायचं. चांगला वाणी मिळाला की महिन्याची यादी त्याला व्हॉट्सॲपवर टाका, संध्याकाळी पोरगा घरी आणून देतो आणि तुरडाळ या वेळी चांगली नाही आली, पुढच्या आठवड्यात घ्या हे सांगणारा वाणी मिळाला तर त्याला सोडू नका. सुपरमार्केटच्या ऑफरमधे आपण साबणाचे सहा डबे आणतो आणि मीठ विसरतो.

पिठाची गिरणी. गिरणीत गेलात की गव्हावर दळून द्या हे सांगायला विसरायचं नाही. आपल्या आधी कोणाची बाजरी किंवा डाळ दळली असेल तर त्याचं उरलेलं पीठ जात्यात असतं आणि ते सगळं आपल्या डब्यात येतं, मग पोळ्या का चिकटतात याचा विचार करत बसा. ज्वारी बाजरी कधी दळतात, भाजणी कोणत्या वारी, हे प्रत्येक गिरणीचं वेगळं, पाटीवर लिहिलेलं असतं. डब्यावर नाव ऑईलपेंटने लिहा, चिठ्ठी पिठाने निघून जाते. दळण गरम गरम घरी आणल्यावर लगेच झाकण घट्ट लावू नका, पीठ गार होऊ दे, नाहीतर घाम सुटून गाठी होतात आणि पोरकिडे लवकर. घरघंटी असली तरी जवळची गिरणी माहीत असू दे, घरघंटी नेमकी पाहुण्यांच्या आदल्या दिवशी बिघडते.

आणि पोळीभाजी केंद्र. याच्यावर डोंबिवली चालते असं मी म्हटलं तर इथला कोणी हसणार नाही. दोघंही नोकरीला, घरी यायला साडेआठ, मग कणिक कोण मळणार. पण केंद्र पण निवडायला लागतं. पोळी हातात घेऊन दुमडून बघा, कडेला कडक नसावी, घडीची असेल तर पदर सुटले पाहिजेत. एका केंद्रातल्या पोळ्या सगळ्या एकाच बाईच्या हातच्या नसतात, त्यामुळे सोमवारची मऊ आणि गुरुवारची पापड असं होतं, तेव्हा दोन तीन वेगळ्या दिवशी घेऊन मगच महिन्याचं ठरवा. संध्याकाळी सातनंतर पोळ्या संपतात, ठाणे आलं की फोन करून आठ पोळ्या ठेवा म्हणून सांगायचं, त्या काकू नावानिशी पुडकं बाजूला ठेवतात. अंगारकी, संकष्टीला मोदक आणि होळीला पुरणपोळी पाहिजे तर दोन दिवस आधी ऑर्डर. आयत्या वेळी जाऊन मोदक मागितले तर त्या अशा बघतात की आपण काहीतरी अपराध केलाय.

भाजी स्टेशनजवळ ताजी मिळते, खरं. पण स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला हायकोर्टाने २०१७ पासून मनाई केलेली आहे, त्यामुळे पालिकेची गाडी येते. आली रे आली असं कोणीतरी ओरडतं, पुढच्या क्षणी मेथीच्या जुड्यांसकट अख्खं फडकं गोळा होऊन गल्लीत पळालेलं आणि मी हातात पन्नासची नोट आणि अर्धा किलो गवारीची पिशवी घेऊन उभी. पैसे द्यायला त्या मावशींना शोधत गेले तर त्या गल्लीच्या तोंडाशी हसत उभ्या, म्हणाल्या ताई मला माहिती तुम्ही येणार. तेव्हा सुटे पैसे आधी हातात काढून ठेवत जा. आणि कापडी पिशवी कायम पर्समधे, प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये आहे, मावशी बिचाऱ्या काळी पिशवी लपवून देतात त्यांना अडचणीत कशाला आणायचं.

रिक्षाबद्दल नव्या माणसाला धक्का बसतो कारण मुंबईसारखं मीटर टाका म्हटलं तर इथे कोणी ऐकत नाही. इथे शेअर रिक्षा. स्टेशनच्या बाहेर प्रत्येक भागाचा वेगळा स्टँड आणि वेगळी लाईन, तुमच्या भागाची लाईन कुठे लागते हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, चुकीच्या लाईनीत वीस मिनिटं उभं राहिल्यावरचा राग वेगळाच असतो. परमिट तीन माणसांचं आहे, चौथा ड्रायव्हरच्या बाजूला बसवतात ते नियमात नाही, तुम्ही चौथे बसू नका एवढं आपल्या हातात आहे. सामान असेल, घरी आजारी माणूस असेल तर डायरेक्ट, म्हणजे अख्खी रिक्षा आपल्यालाच, असं सांगायचं आणि बसायच्या आधी पैसे ठरवायचे. पावसाळ्यात चालत जायचा मार्ग माहीत असलेला बरा. केडीएमटीची, म्हणजे पालिकेची, बस काही रूटवर आहे, मिळाली तर स्वस्तात मस्त.

गाडीचं एकच महत्त्वाचं सांगते. सकाळी डोंबिवलीला चढायला मिळत नाही म्हणून बरेच जण डाऊन करतात, म्हणजे कल्याणला जाणाऱ्या गाडीत बसून कल्याणपर्यंत जायचं आणि तीच गाडी परत मुंबईला निघते, जागा पक्की. करा, पण मग पास कल्याणपासूनचा काढा. पास डोंबिवलीचा आणि बसलात कल्याणहून तर तो विनातिकीट प्रवास धरतात आणि टीसीला हे सगळं पाठ आहे. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल पण आहेत, त्यांची वेळ पाठ करून ठेवली तर डाऊनची गरज पडत नाही. वाशी पनवेलला जाणाऱ्यांनी ठाण्याला बदलायचं, आणि वसईला जायचं असेल तर दादरचा वळसा नको, कोपरला वरच्या प्लॅटफॉर्मवरून दिवा वसईची गाडी मिळते, गाड्या कमी आहेत म्हणून वेळ बघूनच निघा.

डॉक्टर आजारी पडायच्या आधी ठरवा. फॅमिली डॉक्टर साधारण सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ असतो, रविवारी बंद, आणि आपल्याला ताप बरोबर रविवारी येतो. म्हणून रविवारी उघडा असणारा एक डॉक्टर आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं एक मेडिकल शोधून नंबर फ्रीजवर चिकटवा. पालिकेची हॉस्पिटलं दोन, पश्चिमेला शास्त्रीनगर आणि कल्याणला रुक्मिणीबाई. ॲम्ब्युलन्सला १०८. औषधाचं बिल घ्यायचंच, त्यावर बॅच नंबर असतो, आणि पट्टी कापून घेतली तर एक्स्पायरी लिहिलेला तुकडा कोणाकडे राहिला बघा.

इंटरनेट, इस्त्री, रद्दी हे समोरच्या दारात विचारायचं, त्यांचं जे चालू आहे तेच घ्या. फक्त नेट लावताना एकदम वर्षाचे पैसे भरू नका, पाऊस पडला की कळतं कोणाचं नेट कसं आहे. इस्त्रीला कपडे देताना मोजून आणि पांढरे वेगळे. साडीला फॉल पिको करायला टाकली तर सणाच्या पंधरा दिवस आधी, गणपतीच्या आठवड्यात गेलात तर दसऱ्याला मिळेल. कचरा ओला आणि सुका वेगळाच द्यायचा, घंटागाडी किती वाजता येते ते विचारा.

फडके रोडच्या आसपास घर घेतलं असेल तर दोन दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. एक गुढीपाडवा, नववर्षाची शोभायात्रा १९९९ मधे इथल्याच गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि मग ती गावोगाव पसरली, त्या सकाळी रस्ता बंद. दुसरी दिवाळीची पहिली पहाट, अख्ख्या शहरातली तरुण मुलं नवे कपडे घालून तिथे जमतात, पाय ठेवायला जागा नसते. बघायला जरूर जा, पण त्या दिवशी टेम्पो बोलावून फ्रीज आणायचा बेत करू नका, आमच्या वरच्यांनी केला होता आणि तो फ्रीज दुपारी दोनपर्यंत टिळक रोडला टेम्पोत उभा होता, वरचे काका त्याच्या बाजूला फराळ खात.

आधारचा पत्ता बदलायला रजिस्टर ॲग्रीमेंट चालतं, ऑनलाईन होतं. मतदार यादीत घर बदललं म्हणून फॉर्म ८ भरायचा, फॉर्म ६ नाही, तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. हे दोन्ही पहिल्या महिन्यातच उरका, नंतर कोणी करत नाही.

आणि शेवटी लॅच. इथल्या बहुतेक दारांना लॅच असतो, वाऱ्याने दार ओढलं गेलं की आपण कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आणि किल्ली आत. स्टेशनजवळ रस्त्यावर किल्ल्या बनवणारे बसतात, पहिल्याच आठवड्यात दोन जास्तीच्या बनवून घ्या आणि घरी येऊन दोन्ही लावून बघा, नवीन किल्ली पहिल्या फटक्यात फिरेलच असं नसतं, घासायला परत न्यावी लागते. एक ऑफिसच्या ड्रॉवरमधे ठेवा. दुसरी समोरच्या काकूंकडे, पण त्या गावाला जाणार असतील तर आधी परत मागून घ्या.